मँचेस्टरची ४२९ मतं

लेकीकडे मँचेस्टरला गेले आणि पहिले आठ दिवस पाऊस थांबलाच नाही. आपल्याकडे कोसळतो तसला धो धो नव्हे. पडू की नको असं स्वतःशीच घोळवत बसलेला, पीठ चाळल्यासारखा. छत्री उघडावी तर उगाच वाटतं, न उघडावी तर दहा मिनिटांत पदर ओला. लेक म्हणाली, "आई, या दमट हवेमुळेच तर इथे कापडाचा धंदा जमला. कोरड्या हवेत सूत तुटतं." हे मला तिने सांगायला नको होतं. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साळखात्यात होते. सूत तुटू नये म्हणून तिथे हवेत पाण्याचे फवारे सोडत. त्या ओलीत आणि कापसाच्या धुळीत उमर काढल्यावर आजोबांची छाती शेवटपर्यंत शिट्टीसारखी वाजत राहिली.

आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, पण एक इंग्रजी शब्द ते डोळे मिटून काढून दाखवत. यंत्राच्या बिडाच्या चौकटीवर ओतीव अक्षरांत उठलेला शब्द. माझ्या पाटीवर ते रांगोळीचे ठिपके जोडावेत तसं एकेक अक्षर जोडायचे. पुढे वाचता यायला लागलं तेव्हा कळलं, तो शब्द होता ‘ओल्डहॅम’. मँचेस्टरहून ट्रामने जाता येतं तिथे. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं तेव्हा मुंबईच्या गिरण्यांतून सर्रास असत.

पावसाला कंटाळून लेकीने मला रॉयल एक्स्चेंजमध्ये नेलं. एके काळी इथे सुताकापडाचे दलाल उभ्या उभ्या सौदे करत. आता त्या अवाढव्य दालनाच्या मधोमध काचेलोखंडाचं गोलसर नाट्यगृह ठेवलंय, जणू आकाशातून एखादं यान उतरून बसलंय. मान वर केली तर उंच भिंतीवर भावफलक अजून तसाच. १९६८ साली शेवटचा बाजार भरला, त्या दिवशीचे आकडे कुणी उतरवलेच नाहीत. लेक तिकिटांच्या रांगेत होती आणि मी त्या आकड्यांकडे बघत राहिले. इथे एखादा आकडा हलला की परळात कुणाची तरी पाळी कमी होत असणार.

तर कापसाबद्दल वाचायचं म्हणून दुसऱ्या दिवशी सेंट्रल लायब्ररीच्या घुमटाखालच्या वाचनालयात जाऊन बसले. कापूस राहिला बाजूला, आणि हाती लागली ती १९०८ सालची एक पोटनिवडणूक.

तिच्यामागचा कायदा मला आधी खराच वाटेना. खासदार निवडून आला, मग राजाने त्याला मंत्री केलं, की त्याची खासदारकी त्याच क्षणी संपायची. राजीनामा वगैरे भानगड नाही. पगाराचं पद घेतलं की जागा रिकामी. मग त्या गृहस्थाने आपल्या गावी परत जायचं, लोकांसमोर उभं राहायचं आणि विचारायचं, मी मंत्री झालो तर चालेल ना तुम्हाला? लोक नाही म्हणाले तर मंत्रिपद धोक्यात.

याचं मूळ अठराव्या शतकाच्या तोंडाशी आहे. राजा खासदारांना पदं वाटून खिशात घालतो, अशी पार्लमेंटची जुनी तक्रार. म्हणून १७०१ च्या कायद्यात त्यांनी एकदम कुऱ्हाडच घातली होती: राजाकडून पगार घेणाऱ्याने सभागृहात बसायचंच नाही. तो कायदा अमलात यायच्या आधीच शहाण्यांच्या लक्षात आलं, की असं केलं तर मंत्री सभागृहाबाहेर राहतील आणि जाब कुणाला विचारायचा? मग १७०७ पर्यंत मधला मार्ग निघाला. पद घे, पण ज्यांनी तुला आमचा माणूस म्हणून पाठवलं, त्यांना एकदा विचारून ये. तू आता राजाचाही माणूस झालास, हे त्यांना ठाऊक असलं पाहिजे.

मला हे फार आवडलं. सासरी निघालेल्या मुलीने पुन्हा एकदा माहेरच्या उंबऱ्यावर थांबावं, तसं काहीतरी त्यात आहे.

अर्थात कायदा आला की पळवाटही आलीच. हा नियम इंग्रजांबरोबर वसाहतींतही गेला, आणि कॅनडात १८५८ साली जॉन मॅकडोनाल्ड नावाच्या हुशार गृहस्थाने त्याची जी गंमत केली तिला तोड नाही. त्याचं सरकार पडलं. विरोधी जॉर्ज ब्राऊनने मंत्रिमंडळ केलं. पदं घेतली, म्हणून ब्राऊन आणि त्याचे मंत्री सभागृहाबाहेर. मग सभागृहात अविश्वासाचा ठराव आला तेव्हा त्यांच्या बाजूने हात वर करायला तेच नाहीत! दोन दिवसांत त्यांचा खेळ संपला. मॅकडोनाल्डची मंडळी परत आली, पण त्यांनी पोटनिवडणुका टाळल्या. कायद्यात एक बारीक सवलत होती, की पद सोडून महिन्याभरात दुसरं पद घेतलं तर पुन्हा निवडून यायला नको. मग काय, मॅकडोनाल्ड एका दिवसापुरता पोस्टखात्याचा मंत्री झाला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या जुन्या खात्यावर परतला. बाकीच्यांनीही तसंच केलं. कोर्टाने सगळं कायदेशीर ठरवलं. वाचताना मला आपल्याकडची दोन-चार नावं आठवली, पण ती जाऊ द्या.

सिडनीत १८८४ साली जॉर्ज रीड नावाच्या शिक्षणमंत्र्याची जागा मंत्र्यांच्या संख्येच्या एका तांत्रिक घोळात रद्द झाली. पोटनिवडणुकीला उभा राहिला तर पडला. तोच पुढे ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान झाला. असे पडणारे थोडेच. बहुधा मंत्र्यासमोर कुणी उभंच राहत नसे. नियम हळदीकुंकवासारखा उरकला जाई.

मँचेस्टरला १९०८ साली तो उरकला गेला नाही.

त्या एप्रिलमध्ये ॲस्क्विथ पंतप्रधान झाला. राजा सातवा एडवर्ड फ्रान्समध्ये बियारिट्झला हवापालटाला गेलेला. नव्या पंतप्रधानाला नेमणूक घ्यायला तिथवर जावं लागलं. त्याने व्यापारखातं दिलं विन्स्टन चर्चिलला. वय ३३. तोवर चर्चिल वसाहतखात्याचा उपमंत्री होता. (याच उपमंत्र्याला १९०६ च्या नोव्हेंबरात ट्रान्सवालमधल्या हिंदी लोकांची कैफियत घेऊन एक तरुण वकील लंडनला भेटून गेला होता, मोहनदास गांधी. दोघांची आयुष्यातली तेवढी एकच भेट.) ॲस्क्विथ आणि लॉईड जॉर्ज आधीच मंत्री होते, म्हणून १८६७ पासूनच्या सवलतीने ते सुटले. चर्चिल सुटला नाही. त्याला मँचेस्टर नॉर्थ वेस्टच्या मतदारांपुढे परत जावं लागलं.

मतदारसंघ सोपा नव्हता. रॉयल एक्स्चेंजच्या भोवतालचा सगळा व्यापारी भाग त्यात येई. पेढी आणि गोदामांच्या नावावर मत असलेले शेठलोक, चीटमकडची ज्यू वस्ती, आयरिश कॅथलिक. १९०६ साली चर्चिल इथून १,२४१ मतांनी आला होता, तो खुल्या व्यापाराच्या लाटेवर. परदेशी मालावर जकात लावा म्हणणाऱ्या हुजूरपक्षाला कापडवाल्यांनी तेव्हा दाराबाहेर केलं होतं. पण हुजूरपक्षाचा चर्चिलवर वेगळाच दात होता. हा मुळात त्यांचा माणूस. १९०० साली निवडून आला तो त्यांच्याच चिन्हाखाली म्हणा ना, आणि तोही कुठून? ओल्डहॅमहून. (हे वाचलं तेव्हा मी वाचनालयात चक्क हसले. समोरच्या म्हाताऱ्याने चष्म्यावरून पाहिलं.) १९०४ साली भर सभागृहात तो उठून पलीकडे, लिबरल पक्षाच्या बाकावर जाऊन बसला. आपल्याकडे आयाराम म्हणतो ना, तसला. त्याला बिनविरोध जाऊ देणं हुजूरपक्षाला शक्यच नव्हतं. १९०६ साली पडलेला विल्यम जॉयन्सन-हिक्स, व्यवसायाने वकील, पुन्हा उभा राहिला. समाजवाद्यांचा डॅन आयर्विंग तिसरा.

मग जो गदारोळ झाला, तो वाचताना वाटतं, निवडणूक कुठल्याही मुलखातली असो, शेवटी सगळं गल्लीत येऊन ठरतं. सरकारचं दारूच्या परवान्यांचं विधेयक आलेलं. त्यात गुत्त्यांत काम करणाऱ्या बायकांच्या नोकऱ्यांवर गदा येईल असं एक कलम होतं. स्त्रियांच्या मतासाठी झगडणारी ईव्हा गोर-बूथ त्या बायकांच्या बाजूने उभी राहिली. तिची बहीण कॉन्स्टन्स मार्किएविच चार पांढऱ्या घोड्यांची गाडी स्वतः हाकत शहरभर प्रचार करत फिरली. कुणीतरी ओरडून विचारलं, "स्वयंपाक येतो का?" ती म्हणाली, "येतो. तुला चार घोडे हाकता येतात का?" शिवाय मताधिकार मागणाऱ्या स्त्रिया चर्चिलची एक सभा धड होऊ देत नव्हत्या. गंमत म्हणजे यातल्या एकीलाही मत नव्हतं. ज्यांना मत नव्हतं, त्यांनी ती निवडणूक फिरवली असं म्हणणं थोडं जास्त होईल. पण सगळ्यात जास्त आवाज त्यांचा होता, एवढं खरं.

२४ एप्रिलला मतदान झालं. जॉयन्सन-हिक्स ५,४१७. चर्चिल ४,९८८. आयर्विंग २७६. म्हणजे ४२९ मतांनी ब्रिटनचा नवा व्यापारमंत्री पडला.

त्याच्या नावाची आद्याक्षरं डब्ल्यू. सी. त्यावरून तेव्हा जो विनोद फिरला, तो मराठीतही तसाच्या तसा समजतो: सीट नसलेला डब्ल्यू. सी. काय कामाचा?

पडलेला मंत्री फार दिवस बाहेर राहिला नाही. निकाल ऐकून क्लबात पोचेपर्यंत डंडीची तार हातात पडली, असं त्याने पुढे स्वतःच लिहिलं आहे. स्कॉटलंडातलं डंडी. ९ मेला तिथे मतदान झालं आणि तो ७,०७९ मतं घेऊन आरामात निवडून आला. माझं लक्ष मात्र मतांवरून उडून त्या गावावर गेलं. डंडी म्हणजे ताग. बंगालच्या शेतातला कच्चा ताग जहाजाने तिथे जाई आणि त्याची पोती, किंतानं होत. म्हणजे स्वारी गेली कुठून कुठे? आपल्याला कापड विकणाऱ्या गावाने नाकारली, तर आपला ताग विणणाऱ्या गावाने उचलून घेतली. दोन्ही गावांची चूल ज्या मुलखावर पेटत होती, तो मुलूख या सबंध प्रकरणात कुठेच नाही.

आहे, पण दुसऱ्या पानांवर आहे. मी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे त्यांच्या तारखा, उजवीकडे आपल्या. २४ एप्रिल, मँचेस्टरचं मतदान. ३० एप्रिल, मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी गाडीवर बॉम्ब टाकला. मारायचं होतं किंग्जफर्ड या न्यायाधीशाला, गेल्या केनेडी घरातल्या दोघी मायलेकी. ९ मे, डंडी. १२ मे, पुण्यात ‘केसरी’चा अग्रलेख, ‘देशाचे दुर्दैव’. ९ जूनला ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. २४ जूनला मुंबईत टिळकांना अटक.

मधे एक नोंद मी दोन्ही रकान्यांच्या सीमेवर केली. हिंदुस्थानचं खातं होतं जॉन मोर्लेकडे. ॲस्क्विथने खातं त्याच्याकडेच ठेवलं, पण मोर्लेने या फेरबदलात उमरावपद मागून घेतलं. वय झालं होतं, रोजच्या सभागृहाची दगदग नको होती. मे महिन्यात तो व्हायकाऊंट मोर्ले ऑफ ब्लॅकबर्न झाला. ब्लॅकबर्न त्याचं जन्मगाव, तेही मागांचं. आता लॉर्डांच्या सभागृहात बसणाऱ्याला मतदार नसतोच. म्हणजे बघा, व्यापारखातं सांभाळायला निघालेल्या माणसाला दहा-अकरा हजार मतदारांना विचारावं लागलं, आणि १९०१ च्या खानेसुमारीत २९ कोटींवर भरलेल्या देशाचा मंत्री त्याच फेरबदलात, कुणालाही न विचारता, अशा जागी जाऊन बसला की तिथे विचारणारं उरलंच नाही. नियम मोडला नाही कुणी. नियमात आपण नव्हतो.

मोर्लेवर सगळा राग काढावा असंही नाही. टिळकांवरचा खटला त्याला पसंत नव्हता. मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांना त्याने तसं कळवलं होतं. पण पसंत नसणं आणि थांबवणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर त्याने चालून पार केलं नाही.

आपल्याही वाट्याला त्या वर्षी एक मतमोजणी आली. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे नऊ ज्युरर बसले, सात युरोपियन आणि दोन पारशी. २२ जुलैला रात्री निकाल लागला: सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड. दावर हे १८९७ च्या खटल्यात टिळकांना जामीन मिळवून देणारे वकील होते, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. तरी दर वेळी वाचताना घशात काहीतरी अडकतंच.

आजोबांकडून मी त्या दिवसांची एकच गोष्ट ऐकली. ती त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेली. सहा वर्षांची शिक्षा, म्हणून सहा दिवस गिरण्या बंद. भोंगा वेळेवर वाजायचा, पण आत कुणी जायचं नाही. "भोंगा वाजत होता आणि आम्ही बघत होतो," एवढंच पणजोबा म्हणत. गोळीबार झाला, माणसं मेली, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ते मी पुस्तकात वाचलं. ज्यांच्यापुढे कधी मतपेटी आली नव्हती, त्यांनी सहा दिवस आपलं मत असं टाकलं.

खुल्या व्यापाराचंही बोललं पाहिजे. मँचेस्टरचा कापडवाला ज्या खुल्या व्यापारासाठी १९०६ साली चर्चिलच्या मागे गेला, तो मुंबईपर्यंत पोचताना कसा दिसत होता? १८९६ पासून हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात होती. महसूल हवा, म्हणून लावलेली. पण त्याने मुंबईच्या गिरण्यांना चुकूनही आडोसा मिळू नये, म्हणून त्यांच्या कापडावरही बरोबर साडेतीन टक्के अबकारी बसवली होती. घरच्या पोराला पाटावरून उठवून पाहुण्याइतकंच उपाशी ठेवायचं, आणि त्याला न्याय म्हणायचं. मँचेस्टर ज्यात येई त्या लँकेशायर परगण्याच्या मतांचं वजन इतकं, की कुठल्याही पक्षाच्या मंत्र्याला तो साडेतीनचा काटा हलवायचं धाडस होत नव्हतं. ज्या नियमाचं मी मघाशी कौतुक केलं, मंत्र्याने मतदाराला विचारावं, त्याचीच ही दुसरी बाजू. मतदार विचारला गेला, आणि त्याने आपला फायदा सांगितला. मतदाराचं काय चुकलं?

जॉयन्सन-हिक्सला सोडायच्या आधी एक गोष्ट. जालियनवाला बागेनंतर ८ जुलै १९२० रोजी कॉमन्समध्ये डायरवर चर्चा झाली. त्या दिवशी युद्धमंत्री म्हणून चर्चिल डायरच्या विरोधात बोलला, आणि चांगलं बोलला. डायरची बाजू घेणाऱ्यांत कोण होता? मँचेस्टरला ४२९ मतांनी जिंकलेला तोच वकील. पुढे तो गृहमंत्रीही झाला. त्या दिवसाचा चर्चिल आणि पुढचा, आपल्या स्वराज्याला शेवटपर्यंत आडवा गेलेला चर्चिल, हे एकाच माणसात कसे मावले, हे मला अजून नीट जमवता आलेलं नाही.

नियम मात्र म्हातारा होत चालला होता. १९१४ साली चार्ल्स मास्टरमनला मंत्री केलं, तर तो बेथनल ग्रीनला २४ मतांनी पडला. मग इप्सविचला उभा केला, तिथेही पडला. बिचाऱ्याला वर्षभराने मंत्रिपद सोडावं लागलं. १९१९ साली नियम सैल झाला आणि १९२६ मध्ये गेला. मुंबईच्या कापडावरची ती साडेतीन टक्क्यांची अबकारीही १९२६ मध्येच रद्द झाली. दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही. माझ्या वहीत मात्र त्या शेजारी शेजारी आल्या.

आपल्याकडे हा नियम कधी रुजलाच नाही. १९१९ च्या कायद्यात कौन्सिलच्या बिनसरकारी सभासदाने सरकारी नोकरी पत्करली तर त्याची जागा रिकामी होई, पण लगेच पुढे जोडलं होतं की मंत्र्याला यासाठी सरकारी अधिकारी समजू नये. आपल्या राज्यघटनेतही ते वळण राहिलं: लाभाचं पद घेतलं तर आमदारकी-खासदारकी जाते, पण केवळ मंत्री आहे म्हणून कुणी लाभाच्या पदावर आहे असं मानायचं नाही. उलट आपल्याकडे सभासद नसलेला माणूस आधी मंत्री होतो आणि सहा महिन्यांत कुठून तरी निवडून येतो. सोयीचं आहे, मी नाही म्हणत नाही. पण कुणी रात्रीतून पलीकडे जाऊन पहाटे शपथ घेतली, की मला आता चार पांढरे घोडे आठवतात.

माझ्या परतीच्या आधी, मे महिन्यातल्या एका गुरुवारी तिथे नगरपालिकेची निवडणूक होती. लेक कामावरून आली, फ्रिजवर चिकटवलेलं एक कार्ड काढून पर्समध्ये टाकलं आणि म्हणाली, "येतेस? मत टाकून येऊ."

"तू?" मी विचारलं. "तुझा तर आपला पासपोर्ट."

"राष्ट्रकुलातल्या लोकांना असतं इथे मत. पार्लमेंटलासुद्धा."

मी चप्पल घालता घालता थांबले. एवढे दिवस वाचनालयात बसून मी दोन रकाने भरत होते, आणि हे कार्ड माझ्या डोळ्यांसमोर, दुधाच्या बाटलीच्या उंचीवर लटकत होतं.

केंद्र चर्चच्या दालनात होतं. पाऊस होताच. रांग नव्हती, पोलीस नव्हता, शंभर मीटरची पांढरी रेघ नव्हती. दारात एक कुत्रा छत्रीच्या दांड्याला बांधलेला. टेबलापलीकडच्या बाईंनी ओळखपत्र मागितलं, तर लेकीने तो निळा पासपोर्ट पुढे केला, अशोकस्तंभाचा. बाईंनी फोटो पाहिला, यादीत रेघ मारली, कागद दिला. आडोशाला दोरीने बांधलेली शिसपेन्सिल होती. पेन्सिल! मी बाहेरच थांबले होते. तिच्या पाठीवरून मला फक्त कोपर हललेलं दिसलं.

बाहेर आल्यावर मी सवयीने म्हटलं, "बोट दाखव."

तिने डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. कोरी होती. पावसाचे दोन थेंब होते तिच्यावर.